तहकूब लढाई

सन अठराशे पंच्याऐंशी. मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि दिवा गावच्या खाडीकाठी छापील अक्षर वाचणारा मी एकटा होतो. पंतोजींच्या शाळेत दोन वर्षं काढली होती, तेवढ्या भांडवलावर. आजची पोरं चार इयत्ता शिकतात आणि माझ्या वाचण्याला हसतात. हसू देत. त्यांच्या बापांना त्या साली जगाची खबर माझ्याच तोंडून कळत होती.

काय साल होतं ते! सुदानात सरकारचा मोठा सेनापती पडला. रूस अफगाणांच्या मुलखाला भिडला. विलायतेत प्रधानमंडळ बदललं. वर्ष संपता संपता ब्रह्मदेशाचा राजा गादीवरून गेला आणि मुंबईत शहाण्या लोकांची मोठी सभा भरली. हे सगळं छापून आलं. माझं काय गेलं ते कुठं छापलं नाही, म्हणून मी लिहितो.

आमचा मचवा होता. बापामागे माझा आणि धाकट्या भावाचा, निम्मा-निम्मा. सुकाण माझ्या हाती, शीड त्याच्या. कल्याण बंदरावर गवत भरायचं आणि मुंबईच्या घोड्यांना पोचवायचं. ज्या व्यापाऱ्याचं गवत, त्याच्या पेढीवर वर्तमानपत्र येई. ते शिळं झालं की मला मिळे आणि मी देवळाच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचत असे.

चैत्रात रूसची बातमी वाचली. लढाई होणार, मुंबईवर आरमार येणार असं लोक बोलू लागले. बंदरावर कुणी म्हणालं, सरकार मचवे वेठीला धरणार. ही वेठ मला माहीत होती. बंडाच्या साली माझ्या बापाची होडी दाणागोटा वाहायला म्हणून नेली, ती परत आली नाही. मी ठरवलं, पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. भरतीला मचवा तिवरांच्या झाडीतल्या आडव्या ओढ्यात घातला, दगड भरले आणि चिखलात बुडवला. डोलकाठी, दोर आणि शीड तेवढं घरी आणलं. भाऊ कमरेइतक्या चिखलात उभा राहून दगड रचत होता. एवढंच म्हणाला, "तू वाचलंस ना दादा, मग खरंच असेल."

हे वाक्य माझ्या अजून कानात आहे.

वैशाखात पुढचा अंक हाती आला. त्यात होतं, लढाई तूर्त तहकूब. पायरीवरचे सगळे खूश झाले, झालं म्हणाले, मिटलं. मी म्हणालो, मिटलं नाही. शेजाऱ्याशी बांधावरून आमचा दावा ठाण्याच्या कोर्टात सात वर्षं चालला होता. दर खेपेला पुकारा व्हायचा, तहकूब. तहकूब म्हणजे संपलं नव्हे. तहकूब म्हणजे पुढची तारीख. आणि ती तारीख येतेच, चुकत नाही. हे मला वर्तमानपत्रवाल्यांनी शिकवायला नको होतं.

भाऊ मागे लागला. बाकीच्यांचे मचवे गवत वाहत होते. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. पाऊस लागायच्या आत वर ओढू, तेल चोपडू, माडाच्या झापांनी शाकारू, म्हणाला. मी म्हटलं, कागदावर तह लिहून येऊ दे, मग काढू.

त्यावर तो चारचौघांत म्हणाला, "दादा, त्या तहकूबातलं कूब कापून टाक की. उरला तो तह."

पायरीवरचा एकूण एक माणूस हसला. पुजारीसुद्धा. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत माझं मन अर्धं वळलं होतं. त्या हसण्यानं ते पुन्हा घट्ट झालं. मी उठलो आणि मचव्याचं नाव काढायचं नाही असं त्याला बजावलं. त्यानंही काढलं नाही.

भाद्रपदात रूसशी करार झाल्याचं आलं. तोवर पाऊसपाणी, ओढ्याचं तोंड गाळानं बुजलेलं. दिवाळी झाल्यावर ओहोटीला दोघं गेलो. दगड काढले, चिखल उपसला. भावानं एका फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं तो लंगोटीला पुसला आणि दुसऱ्या फळीकडे गेला. तिथंही तेच. शेवटपर्यंत त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

सरकारनं त्या साली आमच्या खाडीतला एकही मचवा धरला नाही.

संध्याकाळी भाऊ अंगणात आला. त्याच्या बायकोनं बोचकं बांधलेलं दिसत होतं. बाळकुमला त्याच्या सासऱ्याची होडी होती, शीड फाटलेलं. तिकडे जातो म्हणाला. मग म्हणाला, "मना शीड तेवढं दे. शिवलंय मीच."

खरं होतं. दोन पावसाळे बसून त्यानंच शिवलं होतं. पण मी थोरला, आणि दिवसभर तो मला एक शब्द बोलला नव्हता. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सगळं शीड दिलं असतं.

"वाटणीनं मिळेल," मी म्हणालो. "निम्मं."

"निम्म्या शिडानं कुठं जायचं, दादा?"

तो बायकोला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरचं शीड खाली काढलं, अंगणात पसरलं, दोरीनं मापून बरोबर मधोमध कापलं आणि त्याचा वाटा खांद्यावर टाकून बाळकुमची वाट धरली.