एका हंगामाची लीग

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालते तेव्हा समोरचं मैदान धुक्यात बुडालेलं असतं. गोलपोस्टची आडवी दांडी तेवढी वर तरंगते. चेंडू मारल्याचा आवाज येतो, मारणारा दिसत नाही. तो आमच्या शेजारचा संजू.

जुन्या संघटनेशी भांडून काही क्लबांनी स्वतःची लीग काढली, तेव्हा संजूही आपला संघ सोडून त्यांच्याबरोबर गेला. पगार, झगमगीत जर्सी, दिव्यांच्या उजेडात सामने. एका हंगामात सगळं विरलं. आता जुना संघ त्याला परत घेतोय, फक्त त्या लीगमधला खेळ खरा नव्हताच, असं त्याने चारचौघांत म्हणायचं. आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय.

चेंडू घ्यायला तो भिंतीपाशी आला, तेव्हा मी वरून म्हटलं, "म्हणून टाक की. जीभ झिजते का?"

"काकू, तिथं पडलो तेव्हा गुडघा खराच फुटला होता."

तो पुन्हा धुक्यात गेला. जे टिकलं नाही ते झालंच नाही, असं मीही किती गोष्टींबद्दल ठरवून टाकलं असेल. धुकं दाटलं, दांडीही दिसेना. आतून एकट्याचाच ओरडा आला, "गोल!"

मी ओले हात पदराला पुसले आणि टाळ्या वाजवल्या.