गुडघ्यावरची हातोडी

आमच्या जंगलपट्टीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वीस-बावीस वर्षांपासून बातमीसाठी जातो. छापून येतात चार ओळी: सर्पदंश, प्रकृती स्थिर. बाकीचं वहीत साचत जातं. आता ती वही इतकी फुगलीय की तिला रबरबँड बसत नाही! त्यातले निम्मे किस्से इन्चार्ज मेश्राम सिस्टरांचे. ऐकणारे हसतात. मी तिथं होतो, मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

*

मलेरियाचा एक म्हातारा पेशंट. चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन गेला आणि तिसऱ्याच दिवशी परत हजर. "बाई, गोळ्या सरल्या!"

सिस्टर उभ्याच राहिल्या. "चौदा दिवसाच्या गोळ्या तीन दिवसात खाल्ल्या?"

"मी एकटा कसा खाऊ? घरी सात जण हाओत. सगळ्याइले वाटून देल्ल्या!"

"सगळ्याइले? सून पोटुशी हाय ना तुमची?"

"हाय ना. तिले दोन जास्त देल्ल्या!"

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. ही गोळी गरोदर बाईला द्यायचीच नसते. काहींच्या तर रक्ताला ती सोसतच नाही. रक्त फुटतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तासाभरात गाडी पाठवून अख्खं घर वॉर्डात आणलं. पुढचे काही दिवस सिस्टर सकाळ-संध्याकाळ सातही जणांना एकच प्रश्न विचारत होत्या, लघवीचा रंग कोणता?

सगळे सुखरूप निघाले. जाताना म्हातारा मला म्हणाला, "भाऊ, बाई चांगली हाय. पण सुनेसमोर कोणी असं विचारते का?"

*

धानाच्या बांधीत साप चावलेला एक जण आणला. सोबत त्याचा मेव्हणा, आवाज असा की छप्पर उडावं. "लस द्या! काऊन टाइमपास करून राह्यल्या?"

मेश्राम सिस्टर शांतपणे दुसरंच एक इंजेक्शन भरत होत्या. ते त्यांनी पेशंटच्या उशाशी ठेवलं आणि मग सापाची लस सुरू केली. काही मिनिटांत पेशंटच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला. लसच अंगावर उलटली होती! उशाशी हात गेला, सुई मांडीत गेली, आणि माणूस परत श्वास घेऊ लागला. ते इंजेक्शन भरत बसायला तेव्हा वेळ नव्हता.

तो मेव्हणा आता साध्या धनुर्वाताच्या सुईला आला तरी आधी विचारतो, "बाई, उशाशी ठेवलं का?"

*

एकदा स्टोअरमधून पोटॅशियमच्या बाटल्या आल्या. इंजेक्शनात मिसळायच्या साध्या पाण्याच्या बाटलीसारख्या, हुबेहूब! आणि हे औषध थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. सिस्टरांनी प्रत्येक बाटलीला लाल दोरा बांधला.

त्याच आठवड्यात वरचे साहेब तपासणीला आले. "हे काय? दवाखाना आहे की देवऋषाचं घर?"

सिस्टरांनी एका बाटलीचा दोरा सोडला, शेजारी पाण्याची बाटली मांडली आणि दोन्ही समोर ठेवल्या. "साहेब, यातलं पानी कोनतं? न वाचता उचला. आन् तुमच्याच हातात टोचतो."

साहेबांनी हात मागे घेतला!

*

ते साहेब हे विसरले नाहीत.

पुढं झटके आलेली एक बाळंतीण आली. तिला झटक्यांचं इंजेक्शन दर चार तासांनी द्यायचं होतं. हे औषध अंगात जास्त साठलं की आधी गुडघा थंड पडतो, हातोडी मारली तरी पाय उडत नाही. मग श्वास बंद. म्हणून प्रत्येक डोसआधी गुडघा बघायचा. सिस्टरांनी रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी डोस रोखला. डोस लिहून दिलेले नवे डॉक्टर भडकले, तक्रार वर गेली.

बाई वाचली, बाळ वाचलं, आणि मेश्राम सिस्टरांना नोटीस आली! "डोस रोखण्याचा लेखी आदेश नसताना रोखला. सात दिवसांत उत्तर द्या." सही साहेबांची.

मी तिथल्या तिथं पेटलो. "बाई, मी उद्याच छापतो! यांची खुर्ची हलवतो!"

"छापा ना भाऊ. मले नोटिशीचं भेव नाई." त्यांनी कोपऱ्यात केसपेपर लिहिणाऱ्या कुमरे सिस्टरकडं पाहिलं. नोकरीला जेमतेम वर्ष झालेली पोरगी. "नोटीस आल्यापासून ते पोरगी काहीच विचारत नाई. लिहिलं ते देते. उद्या ते हातोडी उचलणार नाई, याचं भेव हाय."

त्या दिवसापासून मलाही त्या वॉर्डाची भीती वाटू लागली.

*

नोटिशीचा सहावा दिवस. साहेबांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. चंद्रपूरला नेताना गाडीतच झटके आले, आणि जवळचं रुग्णालय आमचंच. बाळंतपण झालं, बाळ रडलं. पण लेकीला तेच झटक्यांचं इंजेक्शन चालूच होतं.

दुपारी डोसची वेळ झाली. ड्युटी कुमरे सिस्टरची. साहेब खाटेशी उभे, मी दारात. तिनं सुई भरली. थांबली. मग खिशातून हातोडी काढली आणि गुडघ्यावर मारली.

पाय हलला नाही.

दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही.

"काय झालं?" साहेबांचा आवाज चिरकला.

"साहेब, डोस थांबवा लागते." सुई तिनं ट्रेमध्ये ठेवली. "पण थांबवाचा लेखी आदेश नाई."

"मी सांगतोय ना! थांबवा!"

"लेखी द्या, साहेब."

टोमणा नव्हता तो, देवाशप्पथ! पोरगी खरंच घाबरली होती. मेश्राम सिस्टर मागून उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन आल्या आणि लेकीच्या छातीकडं बघत श्वास मोजू लागल्या. साहेबांनी खिसे चाचपले, माझ्या हातातला पेन ओढून घेतला आणि डोळे पुसत तिथंच लिहून दिलं.

संध्याकाळी हातोडी मारल्यावर लेकीचा पाय उडाला.

सातव्या दिवशी मेश्राम सिस्टरांनी नोटिशीचं उत्तर पाठवलं. एकच ओळ: "उत्तर सोबत जोडले आहे."

सोबत एक झेरॉक्स होती. वाकड्यातिकड्या अक्षरात, माझ्या पेनानं लिहिलेली: "डोस देऊ नये. आधी गुडघा पाहावा." खाली साहेबांची सही.