न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

पिग्मीमावशींकडे कुणी कर्जाचा विषय काढला, की त्या आधी त्याला सहा महिने कर्ज फेडायला लावायच्या. कर्ज मिळायच्या आधी! "घराचा हप्ता किती म्हणतोस? बारा हजार? मग आजपासून रोजचे चारशे माझ्याकडं टाक. सहा महिने एक खाडा न करता भरलेस, तर खुशाल जा बँकेत. नाय भरता आले, तर देवानं वाचवलं म्हण." नवा माणूस हसायचा. जुने हसायचे नाहीत, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांनी असेच भरून घरं घेतली होती आणि उरलेल्या निम्म्यांनी भरता न आल्यामुळे घ्यायची टाळली होती. दोघेही मावशींचे उपकार मानायचे.

मावशी एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट होत्या. आमच्या शहरातल्या द्वारका चौकाच्या आसपासच्या दुकानांतून, गॅरेजांतून रोज पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे, हातातल्या मशीनमधून चिठ्ठी फाडून द्यायची आणि संध्याकाळी सगळी रक्कम संस्थेत भरायची, हे त्यांचं काम. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला रेक्झिनची पिशवी. गावाकडच्या, येवल्याच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथंच राहिलं. मी तिथल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलं करायला होतो. साडेअकराच्या सुमारास मावशी यायच्या, पंख्याखालची खुर्ची स्वतःच ओढून घ्यायच्या आणि चहा येईपर्यंत कुणाच्या तरी संसाराची झाडाझडती व्हायची.

त्यांचा सल्ला फुकट असायचा, पण गोड नसायचा. आमच्या शेजारच्या टायरवाल्याने शून्य टक्के व्याजावर मोठा टीव्ही आणला तेव्हा त्याला म्हणाल्या, "शून्य टक्के म्हणजे व्याज कुठंतरी दडून बसलंय. पावती आण, शोधू त्याला." आणि खरोखरच चष्मा लावून शोधलं; ते 'प्रक्रिया शुल्क' नावाने बसलं होतं. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम भरा' असं छापलेलं असतं, त्यावर त्यांचा फार राग. "कमीत कमी भरा म्हणणाऱ्याला तुम्ही जास्तीत जास्त दिवस पाहिजे असता," असं त्या म्हणायच्या. हप्त्याला त्या जावई म्हणत. घरात साखर असो नसो, त्याला चहा गोडच लागतो.

जामीन राहण्याबद्दल तर त्यांचा कायदाच होता. पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की दोन जामीनदार लागतात, आणि आपल्याकडे माणसं लग्नाच्या अहेरासारखी सही देऊन टाकतात. मावशी कुणालाही सही देत नसत. "सही करायची तर पैसे गेलेच असं समजून करायची. तेवढं काळीज नसंल तर समोरच्याला चहा पाजायचा न् नाय म्हणायचं." त्यांनी असे किती चहा पाजले असतील देव जाणे. सख्ख्या भाच्यालाही पाजला होता, हे त्या स्वतःच अभिमानाने सांगायच्या.

मी पाथर्डी फाट्याकडे एक वन बीएचके बघून आलो, तेव्हा अर्थातच पहिली बातमी मावशींना दिली. हप्ता पंधरा हजार पडणार होता, पगार बत्तीस. मावशींनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. पिशवीतून पतसंस्थेचं कॅलेंडर काढून त्यांनी माझ्या टेबलामागच्या खिळ्याला लटकवलं. रोज पाचशे. भरले की त्या तारखेवर त्या लाल पेनाने ठिपका द्यायच्या. सहा महिन्यांत जमतील ते नव्वद हजार घराच्या नोंदणीच्या खर्चाला कामी येतील, असा त्यांचा हिशेब. म्हणजे तालीमही होणार आणि नाटकाचं भाडंही निघणार.

ते कॅलेंडर माझ्या मुळावर आलं. ऑफिसात येणारा प्रत्येक ड्रायव्हर, क्लीनर, चहावाला ते बघायचा. "साहेब, लाल लाल झालं की!" असं कौतुक व्हायचं. दीड महिना कसाबसा गेला आणि मला कळून चुकलं की माझ्या पगारातून रोज तीनशेच्या वर एक रुपया निघत नाही. तालमीचा अर्थ तोच होता. तिथं थांबून "मावशी, नाही जमत" एवढंच म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या असत्या, "बरं झालं, लहान घर बघ." पण त्याच दिवशी त्यांनी साऱ्या ऑफिससमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "पंचेचाळीस दिस झाले, एक खाडा नाय. ह्याला म्हणतात ऐपत. तोंडानं कुणीबी सांगतं, ह्यो भरून दाखवतोय." मी लाजलो, हसलो, आणि दुपारी मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारं एक ॲप उतरवून घेतलं.

पुढचे साडेचार महिने रोज तीनशे माझे आणि दोनशे परक्याचे, असे पाचशे मी मावशींच्या हातात ठेवत आलो. कर्ज झेपतं की नाही हे तपासायच्या तालमीचा हप्ता मी कर्ज काढून भरला! एका ॲपचं भागवायला दुसरं, दुसऱ्याचं भागवायला कार्ड. मावशींनी शिकवलेली प्रत्येक गोष्ट मला पाठ होती आणि त्यातली एकही मी सोडली नाही, सगळ्या मोडल्या. आज लिहितानाही कानशिलं तापतात. बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती तर कॅलेंडरचा फोटो माहेरी पाठवून मोकळी झाली होती.

सहा महिने झाले. नव्वद हजार हातात आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त ॲपवाल्यांनी गिळले. नोंदणीला पैसे कमी पडले. मी मावशींना सांगितलं की बिल्डरने पार्किंगचे पैसे ऐनवेळी वाढवले, तेव्हा पतसंस्थेतून लाखभर उचलावं म्हणतो. एक जामीनदार ऑफिसातला मिळाला. दुसऱ्यासाठी मी मावशींना विचारलं नव्हतं. तेवढी लाज शिल्लक होती. त्यांनीच विचारलं, "दुसरी सही कुणाची?" मी बिलं चाळू लागलो. त्यांनी माझ्यामागच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आण हिकडं कागद. भरून दाखवणाऱ्याला नाय म्हणता येत नाय मला." जन्मात पहिल्यांदा त्या कुणाला जामीन राहिल्या. सही संथपणे, एकेक अक्षर कोरल्यासारखी केली. मी टेबलावरचा कागद हाताने दाबून धरला होता, पंख्याने उडू नये म्हणून.

व्हायचं तेच झालं. बँकेचा हप्ता आणि पतसंस्थेचा हप्ता मिळून साडेएकोणीस हजार. चौथ्या महिन्यात पतसंस्थेचा चुकला, मग पाचवा, मग सहावा. मावशी रोज यायच्या, चहा घ्यायच्या, माझ्या तब्येतीची चौकशी करायच्या. संस्थेने माझे हप्ते त्यांच्या कमिशनमधून कापायला सुरुवात केली आहे, हे मला त्यांच्या तोंडून नाही, संस्थेच्या शिपायाकडून कळलं.

मी धावत त्यांच्या खोलीवर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तू नको जीव खाऊ. चूक माझी हाय. सहा महिन्यांत अर्धंच वरीस दिसतं रे. तू भरलंस ते उन्हाळ्या-पावसाळ्यात. दसरा कुठं आला, दिवाळी कुठं आली, भाऊबीज कुठं आली? माझा नेमच कच्चा निघाला. आता मी समद्यांना बारा महिने सांगणार." त्यांनी रात्र रात्र विचार करून माझ्या वागण्याला कारण शोधलं होतं आणि ते स्वतःत सापडलं होतं. इतकी आयती सुटका मिळाल्यावर माझ्यासारख्याने काय करावं? मी पाणी प्यालो आणि परत आलो.

दीड वर्षात मी त्यांची पै न् पै फेडली. गाडी विकली, रविवारी दुसरीकडे बिलं केली. पैशाचा भाग तिथे संपला. मला वाटलं, आपण सुटलो.

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत शोभाताईंचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन आणि बसायला स्टूल. त्यांचे यजमान टेम्पो चालवतात. बायकोच्या साडीला फॉल लावायला मी गेलो असताना सहज विचारलं, "तुम्हीही घर बघत होतात ना?" त्यांनी दातांत धरलेला दोरा तोडला आणि सांगितलं. आडगावकडे एक लहान घर ठरत आलं होतं. बाईच्या नावावर पहिलं घर घेतलं की सरकारकडून मदत मिळणार होती. मावशींकडे साडेपाच महिने भरून झाले होते, एकही खाडा नाही. तेवढ्यात मावशींनी नेम बदलला. आणखी सहा महिने भरा म्हणाल्या. तेवढ्या काळात मदतीचे अर्ज बंद झाले, घराचा भाव वाढला आणि ते दुसऱ्याने घेतलं.

"तुम्ही ऐकायचं कशाला?" मी म्हणालो.

"असं कसं? मावशी बरोबरच सांगतात," शोभाताई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या पगारदार माणसाला जड गेलं, मग आमचं काय झालं असतं? तुमचंच उदाहरण दिलं त्यांनी. आम्ही वाचलो म्हणायचं, भाऊ." आणि त्यांनी फॉलचे पैसे घेतले नाहीत, ओळखीचे म्हणून.

मी चोर होतो हे मला त्या दिवशी कळलं. मावशींचे पैसे मी परत केले होते. शोभाताईंचं घर कुठून परत करणार होतो?

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मावशींनी काम सोडलं आणि त्या येवल्याला भाच्याकडे राहायला गेल्या. ज्याला चहा पाजून परत पाठवलं होतं, त्याच भाच्याकडे. "त्याला सही दिली नाय म्हणून तर अजून बोलतो माझ्याशी," असं त्यांनी जाताना मला सांगितलं. मी वर्षभर आज जातो, उद्या जातो करत राहिलो. शेवटी एका रविवारी एसटीत बसलो.

भाच्याच्या घरात पुढच्या खोलीत पैठणीचा माग होता. मागच्या खोलीत मावशी खाटेवर बसल्या होत्या, पाय लांब करून. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भाचेसुनेला हाक मारून पोहे टाकायला सांगितले आणि म्हणाल्या, "ह्यो बघ, ह्यो तो. आधी सहा महिने भरून दाखवले, मग माझी पै न् पै फेडली." सून माझ्याकडे आदराने बघून आत गेली.

पोहे आले आणि बशी हातात असतानाच मी सगळं सांगून टाकलं. ॲप, दोनशे रुपये, पार्किंगची थाप. एका दमात, खाली बघून. पलीकडच्या खोलीतला माग खट्‌खट् चालू होता. मावशी रागावतील, रडतील, जा म्हणतील, या सगळ्याची मी तयारी केली होती.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझे सहा महिने बरोबर होते."

"हो मावशी."

"नेम कच्चा नव्हता."

"नाही."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. खरंच उजळला. आणि मग जे मी एसटीत बसून चार वेळा घोकलं होतं, तरी बोलायचं टाळलं होतं, ते त्यांना माझ्या आधी उमगलं.

"मग शोभाला म्या उगाच थांबवलं की रे."

त्यांनी उशीखालचा फोन काढला. डोळ्यांना बारीक दिसत नव्हतं, म्हणून नंबर मलाच लावायला सांगितला. मी लावून दिला. माझ्या हाताने. "शोभा, मी मावशी बोलते. अगं, त्या घराच्या टायमाला माझा हिशेब चुकला. तुझं बरोबर होतं. तुला थांबवायला नको होतं मी. म्हातारीला माफ कर." पलीकडून शोभाताई काहीतरी भराभर बोलत होत्या, बहुधा असं म्हणू नका म्हणत होत्या. फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी हात पुढे केला नाही.

फोन ठेवून मावशींनी पदराने चष्मा पुसला. "तुझं नाव घेतलं नाय," त्या म्हणाल्या. "मी काय, आता हिथंच पडून राहणार. तुला तिच्या गल्लीतून रोज जायचंय. खा, पोहे गार झाले."

मी खाल्ले. सगळे.

मावशी त्यानंतर चार महिन्यांनी गेल्या. दहाव्याला शोभाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, डोळे पुसत. "एवढं मोठं माणूस, न् माझी माफी मागितली हो त्यांनी," म्हणाल्या. मी मान हलवली. त्या अजून भाड्याच्याच घरात राहतात.

मावशींनी ज्या गल्लीतून मला ताठ मानेने जाता यावं म्हणून स्वतःच्या नावावर चूक लावून घेतली, त्या गल्लीतून मी आता जात नाही. ऑफिसला मी द्वारका चौकावरून वळसा घालून जातो.