कप हलवेपर्यंत

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात बायकोचं ऑपरेशन चालू होतं. वेटिंग रूममध्ये शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ओमानच्या वाळवंटातल्या खजुरांच्या एका गावचे. त्यांनी आधी खजूर दिला, मग थर्मासमधून इवल्याशा कपात वेलदोड्याची कॉफी. टाकायचं नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. म्हणून मी कप रिकामा करायचो, आणि ते लगेच भरायचे. पोट तुडुंब झालं, पण नको म्हणवेना.

शेवटी ते म्हणाले, "पुरे झालं की आमच्या गावात कप हलवतात. तुम्ही हलवत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला सोबत हवीय."

तेवढ्यात नर्स आली. ऑपरेशन नीट झालं होतं. माझे हात इतके थरथरले की कपही हलला.

त्यांनी तो तरीही भरला.