पाहुण्याने अडवलेली पेनल्टी

आमच्या गोलकीपरला सगळे पाहुणा म्हणतात. एका हंगामापुरता परदेशातून आला आणि सात वर्षं मुक्काम ठोकून बसला, असा पाहुणा तुम्ही तरी कुठे पाहिलाय? मी क्लबाचे कपडे धुते. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. तिला खिडकी नाही, पण यंत्रांमुळे ऊब असते. सराव संपला की तो तिथे बादली उलटी घालून बसायचा. आमची भाषा तो तिथेच शिकला, म्हणून तर शिव्या इतक्या अस्खलित देतो.

लोकांना वाटतं, मजा आहे लेकाची. डोंबलाची मजा! राहायला क्लबाची खोली, फिरायला क्लबाची गाडी, आणि देशात राहायची परवानगी तीही क्लबाच्याच जिवावर. बायकोला ती मिळालीच नाही. सुट्टीत घरी गेला की मुलगी आधी आजीच्या मागे लपते, आणि जरा रुळते तोवर याची निघायची वेळ होते. आपणहून करार मोडावा, तर खेळण्यावरच बंदी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

यंदा मात्र एक फट दिसली. संघ वरच्या गटात टिकला तर करार आपोआप दोन वर्षांनी वाढणार होता. खालच्या गटात घसरला तर पाहुणा मोकळा, कारण तिथे परदेशी खेळाडू चालतच नाहीत. आणि त्याच्या गावच्या क्लबाने निरोप पाठवला होता की यंदा येत असशील तर ये, पुढच्या वर्षी दुसरा कोणी पाहू. पस्तिशीतल्या गोलकीपरला दोनदा कोण बोलावतं?

आमच्या संघाचे दिवे तर असे, की सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं. बरोबरी झाली तरी संघ तरणार होता.

"मग सोड ना एखादा चेंडू," मी मोजे पिळता पिळता म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

तो ताडकन उठला. "मावशी, तसलं बोलू नका. आपण हरलो तर हरलो. मी मुद्दाम हरवणार नाही."

मला माझीच लाज वाटली, आणि त्याचा रागही आला. इतकं सरळ असून कोणाचं भलं झालंय?

सामना मी बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून पाहिला. बरोबरी होती, आणि खेळ संपत आला असताना आमच्या एका गाढवाने समोरच्याला पाडलं. पेनल्टी! मनात म्हटलं, देवा, जाऊ दे आत, सुटू दे पोराला. चेंडू सुटला, पाहुणा उजवीकडे झेपावला आणि दोन्ही हातांनी त्याने तो बाहेर ढकलला. मैदान दणाणलं. मी मेलीसुद्धा ओरडले! ओरडून झाल्यावर समजलं, आपण कशावर ओरडलो ते.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. अध्यक्ष माईकवरून गरजले, "आमचा वाघ अजून दोन वर्षं इथेच!" पाहुणा हसून हात हलवत होता. फोटोत छान आलाय.

मग तो खाली खोलीत आला. हातमोजे निघेनात, म्हणून मीच ओढून काढले.

"मावशी, खरं सांगू?" तो म्हणाला. "डावीकडे उडायचं ठरवलं होतं. न बघता. मग पापही नाही, पुण्यही नाही. पण पेनल्टी मारणाऱ्याचा जमिनीवर टेकवलेला पाय माझ्या उजवीकडे वळलेला दिसला, आणि अंग आपोआप तिकडे गेलं. वीस वर्षं हेच शिकवलंय या अंगाला."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर बायको होती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर मुलगी मात्र जोरजोरात टाळ्या वाजवत होती.