आत्याकडचं केळवण आणि माझी लपवलेली जळजळ

गेल्या रविवारी कळव्याला आत्याकडे माझं केळवण होतं. पुढच्या महिन्यात लग्न आहे, त्यामुळे सध्या दर सुट्टीला कुणाकडे तरी पाट, रांगोळी आणि आग्रह... आणि आग्रहाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धतच नाही.

आता खरं सांगतो. दोन महिने माझ्या छातीत जळजळतंय. डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं होतं, एका वेळी थोडंच जेवायचं, तळलेलं-तिखट कमी, आणि जेवून लगेच आडवं अजिबात व्हायचं नाही.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. लग्नाच्या तोंडावर 'नवऱ्या मुलाला काहीतरी आहे म्हणे' अशी कुजबुज नको, एवढंच डोक्यात होतं.

आत्या सत्तरीची, एकटी राहते. सकाळपासून तिचा पुरणाचा घाट चालला होता. मी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेलो, गुपचूप एक गोळी चघळली आणि पानावर बसलो. पोळीवर पोळी, कटाची आमटी, मिरचीची भजी... "माझ्यासाठी एक घे रे," म्हटल्यावर तीही घेतली.

मग पंख्याखाली मस्त ताणून दिली. थोड्या वेळाने छातीत असा जाळ उठला की बस... घशाशी आंबट पाणी, अंगाला दरदरून घाम. "काही नाही गं आत्या, गॅस असेल," मी कसंबसं म्हणालो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आतोबा हेच म्हणत म्हणत याच घरात गेले होते. ती रिक्षा आणायला जिना उतरून धावली.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी, तपासण्या, सगळं नॉर्मल आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "आलात ते बरं केलंत. छातीत दुखलं की घरी अंदाज बांधत बसायचं नसतं. पण असं आधी कधी झालंय का?"

आत्या शेजारीच उभी होती. सांगावंच लागलं... दोन महिने, गोळ्या, पथ्य, सगळं. डॉक्टरांनी समजावलं की अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप सैल पडली की आम्ल वर येतं. त्यात पोट गच्च भरून आडवं झालं, तर विचारायलाच नको.

आत्या ओरडली असती तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "अरे, सांगायचंस ना मला. मऊ भात टाकला असता. केळवण त्याचंही झालं असतं रे."

बाहेर रिक्षाची वाट बघताना मान वर करायची हिंमत होत नव्हती. खाली बघत होतो म्हणून दिसलं... आत्याच्या पायात चपला नव्हत्या. भर दुपारी ती तशीच रस्त्यावर धावली होती.

मी माझ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिला त्या चांगल्याच मोठ्या होत्या, तरी घातल्या तिने.

रिक्षातूनच आईला आणि होणाऱ्या बायकोला फोन करून सगळं सांगितलं. दोघींना काहीच वाटलं नाही, "पथ्य पाळ" म्हणाल्या आणि विषय संपला. एवढ्याशा गोष्टीची मला लाज वाटत होती आणि तिच्यापायी माझ्या म्हाताऱ्या आत्याचे पाय पोळले... खरी लाज काय असते, ते आता कळतंय. माफ कर गं आत्या.