गळतं यान आणि थोरला जावई

खरं सांगू का? माझ्यासारखं येडं काम अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी केलं नसंल! हसायचं तर हसा, पण चहा संपस्तवर उठू नका.

धोंड्याचा महिना होता. दोन्ही जावई मंगळवेढ्याला सासुरवाडीत. मी थोरला, सोलापुरात गॅरेज, वीस वर्सं झाली पाने हाणतोय. धाकटा, म्हणजे माझा साडू, बंगळुरात उपग्रहाच्या हापिसात! थोरल्याला आधी ओवाळायचं, ही घरची रीत. पण सकाळधरनं सासरे बघतायत त्याच्याच तोंडाकडं. लई जळायलो होतो मी, कबूल करतो की!

“पंधरा वर्सं वर फिरलेलं यान हाय, मामा. इंधन गळतंय,” साडू सांगत होता.

“का बरं गळतंय?”

“उन्हात भाजतंय, सावलीत गोठतंय. मग जोडातलं सील कडक होऊन चिरतंय. कधी व्हॉल्वमधी बारीक कचरा अडकला, की त्यो पुरता मिटतच न्हाय.”

“अरारारा!” सासरे हळहळले.

आता बोला! असली गळती मी रोज काढतोय. माझ्यासाठी कधी कुणी “अरारारा” केलं?

तेवढ्यात पेट्रोलचा वास आला. बघतो तर साडूच्या नव्या कोऱ्या गाडीखाली ओघळ! काय आनंद झाला म्हणून सांगू!

“या, या, बघा! आभाळातली गळती सांगणाऱ्याची सोताची गाडी गळतीया!”

“दादा, ऐका तरी...”

“तू गप. हे कागदावरचं काम न्हाय!”

आणि नव्या सदऱ्यानिशी घुसलो की गाडीखाली, उताणा. टाकी शोधतोय, नळी शोधतोय, कायच सापडंना! पाठ मात्र पेट्रोलनं चिंब.

साडू खाली वाकला. “दादा, ही बॅटरीवरची हाय. हिला टाकीच न्हाय.”

बॅटरीच्या गाडीची हिरवी नंबरपाटी समोर ढळढळीत, आणि मी म्हणे मेकॅनिक! मग ओघळ कुणाचा? अंगणाच्या चढावरनं वाहत आलेला! सगळ्यांनी तिकडं बघितलं. तितं माझी जुनी फटफटी उभी. टाकीखालच्या कॉकमधनं पेट्रोल टपटप, टपटप.

“रबर कडक झालं असंल,” साडू हळूच म्हणला, आणि जाऊन कॉक बंद करून आला.

मी बाहेर निघतोय, तोवर सासूबाई पेटतं निरांजन ठेवलेलं ओवाळायचं ताट घेऊन दारात. थोरला म्हणून सरळ माझ्याकडंच आल्या. जीव भांड्यात पडला! तर मागनं सासरे ओरडले, “अगं, लांब हो, लांब! पेटतील की पाव्हणं!”

मग काय? आधी धाकट्याला तुपाच्या निरांजनानं ओवाळलं. नंतर मला. निरांजन विझवून, चार हात लांबनं!